माडीची पारख

रेड एलची तांबूस झाक भाजलेल्या बार्लीतून येते. पुण्यात ब्रूपबमध्ये बसलो की मी आधी रंग बघतो, मग फेस, मग वास. चव सगळ्यात शेवटी. आज मालवणात माडीलाही हीच कसोटी लावली, आणि माडी कुठेही कमी पडली नाही.

पहाटेच उतरवलेली. रंग ताकाच्या निवळीसारखा, काठाला बारीक बुडबुड्यांची किनार. नाकाशी नेली तर आधी गोडवा, मागून हलका आंबूस वास. पहिला घोट गोड, जिभेच्या कडांना चुरचुरणारा. दुपारी तीच पुन्हा चाखली, तर गोडवा ओसरून आंबटपणा चढलेला.

एलसाठी बार्लीला मोड आणा, ती वाळवा, भाजा, गरम पाण्यात मुरवून तिची साखर काढा, मग यीस्ट घाला. माडाच्या पोयीतून ठिबकणारा रस मुळातच गोड, आणि यीस्ट आपणहून मडक्यात कामाला लागतं. ते थोपवून नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावतात.

मला विचाराल तर सकाळचीच सरस. माडी बाटलीत तशीच राहत नाही हा तिचा दोष म्हणतात. मला ते पटत नाही. ब्रूपबमध्ये तरी आपण जागेवरच्या ताजेपणासाठीच जातो ना? भंडारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही कला आहे: पोय हलक्या हाताने ठोकायची, टोकाची पातळ चकती कापायची, आणि त्यासाठी रोज माडावर चढायचं. मालवणात कुणी रीतसर परवाना काढून सकाळची आणि दुपारची माडी शेजारी शेजारी ठेवली, तर पहिलं गिऱ्हाईक मी.