मिरजेचे सतारमेकर

मैफलीस आरंभ होण्यापूर्वी गवयाच्या पाठीशी दोन तंबोरे झंकारू लागतात. गवयाचे नाव सर्वांस ठाऊक असते. तंबोरा कोणी घडविला, हे सहसा कोणी विचारीत नाही. कारंजा लाडसारख्या दूरच्या गावी तो वाजत असला, तरी त्याचा जन्म पुष्कळदा मिरजेत झालेला असतो.

मिरजेत शिकलगारांची वस्ती होती. तलवारी-भाल्यांना धार लावणे हा त्यांचा पिढीजात धंदा. पुढे इंग्रजांचा अंमल बसला आणि शस्त्रांना गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्ये घडविण्यास प्रारंभ केला. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन संगीताचे चाहते. त्यांनी आश्रय दिला. पोलाद घासणारे हात भोपळ्याला कंठ देऊ लागले! लोक या घराण्याला ‘सतारमेकर’ म्हणू लागले व तेच आडनाव झाले.

हा भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू असतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे तो पिकतो. तो उन्हात वाळवून, कापून, आतून कोरून घेतात आणि त्यास तुणाच्या लाकडाची तबली व दांडी बसवितात. नक्षीकामाकडे पाहणाऱ्याचे डोळे लागतात खरे, परंतु वाद्याचा प्राण घोडीत असतो. घोडीचा माथा कानशीने घासून असा उतरता करावा लागतो, की तारेने त्यास निसटता स्पर्श करीत राहावे. यासच ‘जवारी काढणे’ म्हणतात. कानस किंचित अधिक फिरली, की सूर बिघडला! येथे मोजपट्टी चालत नाही, कान तयार असावा लागतो. आणि तो वडिलांच्या शेजारी वर्षानुवर्षे बसूनच तयार होतो.

इटलीतील क्रेमोना गावी अमाती घराण्याने सोळाव्या शतकापासून चार पिढ्या व्हायोलिने घडविली. १७४० साली त्यांतील शेवटचा कारागीर निवर्तला आणि घराण्याची परंपरा खंडित झाली. मिरजेची परंपरा अद्याप चालू आहे. तथापि आता विजेवर चालणारी लहानशी पेटीही तंबोऱ्याचा सूर देते. ती सुटकेसमध्ये मावते, प्रवासात फुटत नाही. तिच्याशी भोपळ्याने कशी बरोबरी करावी? २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, हे योग्यच झाले. नावाचे रक्षण त्याने होईल. कानशीपाशी मात्र मुलांनीच बसावयास हवे.

सतारमेकर गल्लीत आजही कानशीचा बारीक आवाज येतो, थांबतो. तार छेडली जाते, कोणी कान देऊन ऐकतो, आणि कानस पुन्हा चालू लागते.