मरणाला नवस

बाप रे, काय ही गर्दी! मेक्सिको सिटीतली तेपितो वस्ती, अल्फारेरिया रस्ता, महिन्याची पहिली तारीख. मुंगीला शिरायला जागा नाही, आणि जो तो आपापला सांगाडा कडेवर घेऊन आलेला! हो, सांगाडाच. कुणाचा वीतभर, कुणाचा चांगला शाळकरी पोराएवढा. अंगात चमचमता झगा, गळ्यात माळा, हातात लांब दांड्याचा विळा. लोक त्याला कुरवाळतात, त्याच्या कवटीवर सिगारचा धूर सोडतात. ही सांता मुएर्ते, साक्षात मृत्यूबाई! भक्त लाडाने तिला ‘हाडकुळी’ म्हणतात. आपल्याकडे तिन्हीसांजेला यमाचं नुसतं नाव काढलं, तरी आजी दटावते.

मुख्य मूर्ती काचेआड उभी होती. पुऱ्या माणसाच्या उंचीची, लांब केसांची, नवरीसारखी नटलेली. आपल्या देवीला साडी नेसवावी, तितक्या हौसेने तिचे पोशाख बदलतात. दोन्या केता, म्हणजे एन्रिकेता रोमेरो यांनी २००१ साली ती आपल्या घरासमोर रस्त्यावर आणली. तोवर ही भक्ती बहुतेक दारं लावूनच चालायची. आता माणसं गुडघ्यांवर सरकत येताहेत. लाल मेणबत्ती प्रेमासाठी, सोनेरी पैशासाठी, हिरवी कोर्टकचेरीसाठी, काळी वैऱ्यांपासून रक्षणासाठी. वितळतं मेण, गुलाब, टकिला आणि गांजा यांचा वास एकत्र नाकात शिरतो. आणि तोंडी काय, तर कॅथलिकांची जपमाळ! व्हॅटिकनचे कार्डिनल राव्हासी यांनी २०१३ साली या पंथाला धर्मनिंदा ठरवलं. इथे कुणाला त्याचं सोयरसुतक नाही.

तिचं मूळ अझ्टेकांच्या मृत्युदेवांत की स्पेनहून आलेल्या सांगाड्याच्या चित्रांत, यावर अभ्यासकांची जुंपलेली असते. पण अझ्टेकांच्या तेम्प्लो मायोर या मंदिराच्या संग्रहालयात मिक्तलांतेकुत्ली पाहिला आणि पाय तिथेच खिळले. माणसाएवढा, मातीचा, मृतांचा राजा. पंजे उगारलेले, तोंडभर हसू, आणि बरगड्यांखाली चक्क लोंबतं यकृत! त्याच्या राज्यात पोचायला मेलेल्याला चार वर्षं लागत, नऊ टप्पे पार करावे लागत. वाटेतली नदी कुत्रा ओलांडून देई. मेल्यावरही एवढी तंगडतोड!

तेपितोत मात्र मरणच दाराशी येऊन उभं राहिलंय. ते गरीब-श्रीमंत पाहत नाही, चोर-साव पाहत नाही. म्हणून तर फेरीवाले, देहविक्रय करणाऱ्या बाया, तुरुंगातून सुटलेले, पोलीस, सगळे एकाच रांगेत. पुढच्या बाईला विचारलं, “काय मागितलंत?”

“नवऱ्याचं ऑपरेशन आहे. म्हटलं, त्याला अजून थोडी वर्षं राहू दे.”

सावित्रीने यमाला बोलण्यात गुंतवून सत्यवान सोडवला, तोही एकदाच. इथे अख्खी वस्ती दर पहिल्या तारखेला येते, टकिला पाजते आणि खुद्द मरणाकडूनच मुदतवाढ मागून घेते!