दादा, इतिहासाच्या पदवीचा हिशोब

ती. दादास,


इतिहास घेऊन पोरगी महिन्याला किती कमावणार, हा तुझा प्रश्न रास्त आहे. ज्यानं आधी रात्रपाळीत लूम चालवले आणि आता भिवंडीजवळ मानकोलीच्या गोडाउनात माल चढवून-उतरवून घर उभं केलं, त्या बापानं पैशाचं नाही विचारायचं तर कुणी विचारायचं? ज्ञानासाठी ज्ञान ही भाषा घरात पेन्शन येणाऱ्यांना परवडते. मी पैशाचंच बोलते.

आधी वाईट ते सांगते. नुसत्या बी.ए.वर तिला लगेच धड नोकरी लागणार नाही. गोडाउनाच्या ऑफिसात स्टॉकची एंट्री करायला बी.कॉम.वाली मुलगी आधी घेतील. पहिली चार-पाच वर्षं ती आपल्या शेजारच्या कॉमर्सवाल्या पोरींच्या मागेच राहील, हे धरून चाल. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि वर नेट किंवा सेट. कायम जागा मिळाली तर सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 रुपये आहे, पण त्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत आणि वर्ग तासिका तत्त्वावर चालतात. जितके तास तितके पैसे, सुट्टीत काही नाही, आणि बिलं निघायला महिने लागतात. चाळिशीला आलेली, पीएच.डी. झालेली हुशार माणसं मी अशी तासाच्या पैशांवर घर चालवताना पाहिली आहेत. त्यांची काही चूक नव्हती. म्हणून प्राध्यापक होईल या एकाच आशेवर तिला इतिहासाला घालू नकोस.

आता दुसरी बाजू. तू ज्या खासगी कॉलेजचं माहितीपत्रक मला पाठवलंस, त्याची तीन वर्षांची फी काही लाखांत जाते आणि ती तू कर्ज काढून भरणार आहेस. तिथून बाहेर पडल्यावर लागणारी नोकरी बऱ्याचदा त्याच गोडाउनाच्या ऑफिसातली. पगारातून हप्ता गेला की हातात काय उरतं, ते तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतोस. मुंबई विद्यापीठाच्या अनुदानित कॉलेजात बी.ए.ची वर्षाची फी काही हजारांत बसते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरला तर त्यातलंही बरंच सुटतं. एकविसाव्या वर्षी पोरगी पदवी घेऊन आणि डोक्यावर एक रुपया कर्ज न घेता बाहेर पडते, ही तिची पहिली कमाई धर. सरकारी खर्चानं चालणाऱ्या विद्यापीठाचा आपल्यासारख्यांना मोठा फायदा हाच, आणि पगाराच्या आकड्यात तो कधी दिसत नाही.

न्यायमूर्ती रानडे याच विद्यापीठाचे. 1862 साली बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीतले. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर त्यांनी लिहिलेलं पुस्तक 1900 साली आलं आणि अजून वाचलं जातं, पण घर चाललं ते न्यायाधीशाच्या पगारावर. 1866 साली त्यांनी एल्‌एल.बी. करून ठेवलं होतं. मला तुला सांगायचंय ते हेच. इतिहासाला दुसऱ्या एखाद्या कसबाची जोड लागते. जोड दिली तर तो पैसा देतो, आणि भिवंडीत तर जास्तच देतो.

का, ते माझ्या कामावरून सांगते. मी मोडी कागद वाचून देते, हे तुला माहीत आहे. वाचायचं म्हणजे काय करायचं, हे मात्र मी कधी नीट सांगितलं नाही. जाडसर हातकागद असतो, घड्यांवर विरलेला, शाई तपकिरी पडलेली. लिहिणाऱ्यानं आधी कागदभर आडवी रेघ ओढलेली असते आणि मग हात न उचलता अक्षरं तिला टांगत नेलेली असतात. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘पूर्वेस ओढा’ कुठे संपतो आणि ‘पश्चिमेस’ कुठे सुरू होतं, ते आपण ठरवायचं, आणि ते चुकलं तर बिघाभर जमीन इकडची तिकडे. पेशवाईतली सनद असेल तर वर साल अरबी शब्दांत लिहिलेलं असतं: सलास सबैन मया व अलफ. तीन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे 1173. हे शुहूर सन झालं. ते मृगाला सुरू होतं, म्हणून त्यात 599 किंवा 600 मिळवायचे की 1772-73 हाती येतं. आपल्या मोमिन शेजाऱ्यांपैकी जे अरबी शिकलेत त्यांना हे आकडे ऐकूनच कळतील.

नुसती अक्षरं लागून भागत नाही. कागदात ‘जुडी’ आली की जमीन इनामी होती आणि तिच्यावर हलका सारा होता, हे ओळखावं लागतं. गहाण कुठलं आणि मुदतखरेदी कुठली, खोताचा हक्क कुठे संपतो, 1957च्या कृषक दिनानंतर कुळाचं काय झालं, हे ठाऊक नसेल तर लिप्यंतर बरोबर आणि अर्थ चूक असं होतं. ते शिकवतो इतिहास. दापोडे, पूर्णा, काल्हेर, कशेळी या पट्ट्यात शेताची गोडाउनं झाली, भाव चढले आणि घराघरात वाटणीचे दावे उभे राहिले. वकील कागद घेऊन येतात आणि मी पानामागे पैसे घेते. कधी काम मिळतं, कधी नाही, हे खरं. पण ते करणारी माणसं इतकी कमी आहेत की भावासाठी मला घासाघीस करावी लागत नाही.

2023च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा हे साऱ्या राज्यानं पाहिलं. तहसील, भूमी अभिलेख, शाळांची जुनी रजिस्टरं, कोतवाल बुकं, सगळे दप्तरखाने उघडले आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. मराठवाड्यात तर निजामाच्या काळच्या कागदांसाठी उर्दू-फारसी जाणणारेही हवे होते. आरक्षणाबद्दल तुझं-माझं मत काही असो. पण ओबीसीच्या जात पडताळणीला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आपल्याच आळीतली किती घरं त्या एका कागदापायी अडलेली आहेत, ते तू रोज बघतोस.

इथली माती अशा कागदांची फार जुनी आहे रे. आपल्या तालुक्यातल्या भादाणे गावाच्या नावानं एक ताम्रपट ओळखला जातो, शिलाहार राजा अपराजिताचा, शके 919चा, म्हणजे इसवी सन 997. लोनाडजवळ चौधरपाड्याला केशिदेवाचा शके 1161चा शिलालेख सापडला. दोन्ही दानपत्रं, कुठलं गाव कुणाला दिलं त्याची. हजार वर्षांपूर्वीही जमिनीची भानगड होतीच आणि लिहून ठेवणारा होताच. त्या गावांच्या रस्त्यानं आता रोज हजारो ट्रक जातात. आपली पोरगी अकरावीत असताना लोनाडहून वहीत टिपणं काढून आली होती, तेव्हा वहिनी म्हणाली उन्हात कशाला गेलीस. मला मात्र तेव्हाच कळलं की हिला ओढ आहे. ओढ असलेल्या माणसाला हे काम जमतं, बळंच ढकललेल्याला नाही. तिचं मन हिशोबाच्या वहीत असतं तर मीच तिला कॉमर्सला घाल म्हटलं असतं.

तेव्हा माझं म्हणणं असं. बी.ए.ला इतिहास घेऊ दे. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग अधूनमधून घेतो, पहिल्याच सुट्टीत तिथे नाव घालू. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत त्यांचा दप्तरखाना आहे, 1821 साली सुरू झालेला. तिला मी स्वतः घेऊन जाईन. दुसऱ्या वर्षापासून माझ्याबरोबर कागदाला बसेल आणि तिच्या पानांचे पैसे तिच्या खात्यात जातील. पदवीनंतर तीन वर्षांची एल्‌एल.बी., हे माझं पहिलं मत. जमिनीचा वकील, ज्याला मोडी स्वतः वाचता येतं, असा ठाणे जिल्ह्यात मला क्वचितच भेटलाय. तिला संशोधनाचीच गोडी लागली तर नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवावी. महिन्याला 37,000 रुपये असतात, तेवढ्यावर पीएच.डी. निभते. एमपीएससी-यूपीएससीला बसायची म्हणाली तर इतिहास तिथे कामाला येतोच, पण वयाची किती वर्षं त्यात घालायची याची मर्यादा आधीच ठरवून घ्या. त्या रांगेत फार पोरं म्हातारी झाली आहेत.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी साऱ्या महाराष्ट्रात दप्तरं शोधत पायपीट केली, आयुष्य फकिरीत काढलं. त्यांचं ऋण मोठं आहे. पण आपल्या पोरीनं तसं राहावं असं मला मुळीच वाटत नाही. तिनं चांगलं कमवावं, स्वतःचं घर घ्यावं.

प्रवेशाची तारीख जवळ आली आहे. कर्जाच्या कागदांवर अजून सही केली नसशील तर थांब. आणि एकदा तिला समोर बसवून विचार. तू मला विचारलंस, वहिनीला विचारलंस, गोडाउनातल्या मॅनेजरला विचारलंस, तिला अजून विचारलेलं नाहीस.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी धाकटी