आमच्या परिपाठातले वसंत देसाई

२२ डिसेंबर आला की फळ्यावर मी दरवर्षी एवढंच लिहायचो : रामानुजन जयंती, राष्ट्रीय गणित दिवस. गेल्या वर्षी दिनविशेष शोधताना त्याच तारखेला आणखी एक नाव सापडलं, संगीतकार वसंत देसाई यांचा स्मृतिदिन.

शिक्षक मित्रांनो, आपल्या परिपाठात नेहमी म्हटल्या जाणाऱ्या दोन हिंदी प्रार्थना आहेत. एक 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) मधली, दुसरी 'गुड्डी' (१९७१) मधली. दोन्हींच्या चाली देसाईंच्या! इथं परंड्यात इतकी वर्षं मुलांकडून म्हणवून घेतोय, पण मला हे ठाऊकच नव्हतं.

देसाईंचा जन्म १९१२ चा, कुडाळजवळच्या सोनवड्याचा. पोरवयात कोल्हापूरला 'प्रभात'मध्ये आले, मिळेल ते काम केलं आणि तिथंच संगीत शिकत गेले. पुढे व्ही. शांताराम यांच्या 'शकुंतला', 'अमर भूपाळी', 'झनक झनक पायल बाजे' या चित्रपटांना त्यांनी संगीत दिलं. आपल्या 'श्यामची आई'चं संगीतही त्यांचंच. १९६६ मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात जे मैत्रीचं संस्कृत स्तोत्र गायलं, त्याची चालही देसाईंची. १९७५ साली मुंबईत लिफ्टच्या अपघातात ते गेले.

पण मला अडवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. 'एक सूर एक ताल' या उपक्रमात देसाईंनी हजारो शाळकरी मुलांना एकत्र गायला लावलं. एवढ्या पोरांत सगळ्यांचाच गळा गोड असेल का? आणि 'दो आँखें'मधली प्रार्थना तर खुनाची शिक्षा भोगणाऱ्या सहा कैद्यांच्या गोष्टीतली.

हे वाचलं आणि मला आमच्या वर्गातला एक मुलगा आठवला. आवाज मोठा, सूर भलताच. तालुक्याचे साहेब शाळेत येणार म्हणून मीच त्याला सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव, बाळा." साहेब येऊन गेले. त्यालाही सहा महिने झाले. मी विसरलो, पण ते लेकरू अजून ओठच हलवत होतं.

त्या दिवशी त्याला जवळ बोलावून म्हणालो, "चुकलं माझं. उद्यापासून मोठ्यानं म्हण."

"खरंच, सर?" एवढंच विचारलं त्यानं.

त्याचा सूर अजूनही लागत नाही, पण आता तो पहिल्या रांगेत उभा राहून म्हणतो. उद्या परिपाठात तुम्हीही मुलांच्या ओठांकडे जरा बघा.