बर दुबईत पुन्हा बालवर्ग

मुंबईत आम्ही उभयतांनी बरीच वर्षे गाडी चालवली होती. तरी बर दुबईत आम्हांला पुन्हा बालवर्गात बसावं लागलं. तिथे १९६६ पासून वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला आणि गोल चौकात शिरताना आधी डावीकडे बघायचं! आमच्या वॉर्डातल्या इंग्लिश सिस्टरला तिच्या देशाच्या लायसन्सवर दुबईचं लायसन्स मिळालं. आम्हां भारतीयांना मात्र शिकवणीचे तास भरून परीक्षा. मनाला लागलं खरं. पण पास झालो, आणि देरा भागातली रात्रपाळी संपली की खाडीखालच्या शिंदगा बोगद्यातून आपल्या गाडीने घरी येऊ लागलो. टॅक्सीची वाट बघणं सुटलं. मुलांनो, परदेशी गेलात तर येत असलेलंही पुन्हा शिका. त्यात कमीपणा नाही, बरं का!