तालमीतला उजेड

छायाचित्रणाच्या छंदात फ्लॅशला फारशी प्रतिष्ठा नाही. 'नैसर्गिक प्रकाश' हे शब्द जाणकार ज्या आदराने उच्चारतात, त्याचा लवलेशही फ्लॅशच्या वाट्याला येत नाही. लग्नमंडपात चेहरे पांढरेफटक करणारे यंत्र, एवढीच त्याची ओळख. कोल्हापुरातल्या तालमींची छायाचित्रे काढू लागल्यावर मला या विषयाचा मुळापासून विचार करावा लागला. कोणती बिनतारी फ्लॅशयंत्रणा घ्यावी, हा वरकरणी बाजारातला प्रश्न प्रत्यक्षात औचित्याचा आहे, हे तेव्हा ध्यानात आले.

वास्तविक या शहराला कृत्रिम प्रकाशाचे वावडे असण्याचे कारण नाही. बाबूराव पेंटरांनी इथेच १९१८ च्या सुमारास स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२३ च्या 'सिंहगड'साठी कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण केले. भारतातला तसा तो पहिला प्रयोग मानला जातो. पेंटर मुळात चित्रकार होते. प्रकाश किती आहे यापेक्षा तो कुठून येतो, याकडे चित्रकाराचे लक्ष अधिक असते.

तालमीत नेमका हाच प्रश्न पडतो. शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ साली पुरे झाले. तिथे कुस्ती उघड्या आभाळाखाली, हजारोंच्या साक्षीने होते. पण मल्ल घडतो तो पहाटेच्या अंधारात, जाड भिंतींच्या तालमीत. खिडक्या लहान, हौद्यात तेल, ताक आणि हळद मुरलेली तांबडी माती आणि छताला एखादी ट्यूबलाईट. तो उजेड वरून सरळ पडतो, त्यामुळे डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबणी दिसतात आणि पाठीवरचे स्नायू सपाट होतात.

ज्या तालमीत मी जात असे, तिथल्या वस्तादांनी पहिल्याच दिवशी एक अट घातली होती. "फोटो काढा, पण डोळ्यावर उजेड मारू नका. डाव चालू असताना पोरगं दिपलं, तर मानंवर पडंल." माझ्या दृष्टीने खरेदीचा सारा विचार या वाक्यापासून सुरू होतो. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश तिथेच बाद झाला. फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर हवा, उंचावर हवा आणि त्याचे तोंड चुना दिलेल्या भिंतीकडे हवे. भिंतीवरून परतणारा उजेड मऊ असतो आणि एका बाजूने येतो.

मग प्रश्न उरतो निरोपाचा. दूरच्या फ्लॅशला 'आता' हे कळवायचे कसे? जुन्या बिनतारी पद्धतीत हा निरोप प्रकाशाचाच असे. मिनोल्टाने १९९० च्या दशकाच्या आरंभी ही सोय आणली, कॅननने १९९८ मध्ये ५५०ईएक्स आणि निकॉनने २००३ मध्ये एसबी-८०० बाजारात आणला. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बारीक लुकलुकून सांकेतिक आज्ञा देतो आणि दूरचा फ्लॅश ती 'पाहतो'. दिवाणखान्यात ही पद्धत उत्तम चालते. तालमीत मात्र दोन अडचणी येतात. एक म्हणजे ते लुकलुकणे नेमके मल्लांच्या डोळ्यांसमोर होते. दुसरी, दोन धिप्पाड देह मध्ये आले की निरोप अडतो. कोल्हापूरकरांना हे निराळे समजावून सांगायला नको. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणे महाद्वारातून मूर्तीपर्यंत पोहोचावीत, म्हणून वाटेतल्या बांधकामांची चर्चा वर्षानुवर्षे होत आली आहे. प्रकाशाला मोकळी वाट लागते.

रेडिओलहरींना ती लागत नाही. कॅननने २०१२ मध्ये ६००ईएक्स-आरटी या फ्लॅशमध्येच रेडिओ बसवला. पुढे योंगनुओ आणि गोडॉक्स या चिनी कंपन्यांनी २.४ गिगाहर्ट्झची यंत्रणा सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आणली. गोडॉक्सच्या यंत्रणेत आणखी एक सोय आहे. कॅमेऱ्याची कंपनी बदलली, तरी कॅमेऱ्यावरचा ट्रान्समीटर तेवढा बदलावा लागतो. दूरचे फ्लॅश तेच चालतात.

म्हणून जुना फ्लॅश मोडीत काढण्याची घाई नको, असे माझे मत आहे. फ्लॅशच्या नळीतून येणारा उजेड वीस वर्षांत फारसा बदललेला नाही. बदलली आहे ती निरोपाची रीत. जुन्या फ्लॅशला रेडिओ रिसीव्हर जोडला आणि शक्ती हाताने ठरवली, की काम भागते. तालमीत भिंत हलत नाही, फ्लॅश हलत नाही. मग स्वयंचलित मोजमापाची गरजही फारशी उरत नाही. फक्त फार जुन्या फ्लॅशच्या संपर्कबिंदूंवर शेकडो व्होल्टचा दाब असू शकतो. नव्या उपकरणाला जोडण्यापूर्वी तो तपासून घ्यावा. शक्ती पूर्ण न वापरता सोळाव्या हिश्शावर ठेवली, तर झोत सेकंदाच्या काही हजाराव्या भागात संपतो आणि उसळलेल्या मातीचा कणन् कण हवेत थबकलेला दिसतो. शिवाय घटाची बचत होते. पैसे उरले, तर दुसरा फ्लॅश घेण्याआधी भक्कम स्टँड घ्यावा. हौद्याच्या काठावर कलंडणारा स्टँड हाही मल्लाला धोकाच असतो.

आजचे कॅमेरे ६४०० आयएसओलाही स्वच्छ चित्र देतात, मग फ्लॅश हवाच कशाला, असे कोणी विचारील. आक्षेप वाजवी आहे. परंतु वाढीव आयएसओ आहे तोच उजेड अधिक टिपतो, त्याची दिशा बदलत नाही. डोळ्यांच्या खोबणी खोबणीच राहतात. त्या पोरांचे चेहरे दिसावेत असे वाटत असेल, तर उजेड बाजूने आणावाच लागतो.

काही वेळा मात्र तो आणूही नये. डाव ऐन रंगात असताना, भिंतीवरून आलेल्या झोतानेही कोणाची नजर हलेल अशी शंका आली, तर ट्रान्समीटर बंद करून जे मिळेल ते टिपावे. यंत्रणा निवडताना पल्ला, शक्ती आणि किंमत यांची तुलना आपण करतोच. ती झटकन बंद करता येते का, हेही दुकानातच पाहून घ्यावे.