एक हजार रुपये

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नव्हतं. गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी मत्तयाच्या २५व्या अध्यायातला तो दाखला घेतला आणि डोक्यात जे चक्र सुरू झालं ते काही थांबेना, म्हणून बसले लिहायला.

दाखला बहुतेकांना माहीत असेल. धनी परदेशी जाताना आपला पैसा तीन चाकरांवर सोपवतो. दोघं तो दुप्पट करतात, तिसरा घाबरून जमिनीत पुरतो. इंग्रजीत अंगच्या गुणाला 'टॅलंट' म्हणतात ते याच दाखल्यावरून. मुळात तो वजनाचा आणि पैशाचा शब्द. आपल्या जुन्या मराठी पवित्र शास्त्रात मात्र सरळ 'हजार रुपये' आहेत, त्यामुळे संडेस्कूलमध्ये मला हा दाखला पोस्टातल्या बचतीबद्दलच वाटायचा!

खरं तर एक तालांत म्हणजे तेव्हाच्या मजुराची जवळजवळ वीस वर्षांची मजुरी. तिसऱ्याला 'बिचाऱ्याला एकच' मिळाला असं आपण म्हणतो, पण तो एकही केवढा होता बघा. आणि पाचवाल्याला नि दोनवाल्याला धनी शाबासकी देतो ती अगदी त्याच शब्दांत. पाचवाल्याला जास्त कौतुक नाही. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आता माझं. तीन वर्षांपूर्वी थायरॉइडचं ऑपरेशन झालं. बाकी सगळं छान, पण वरचा सूर गेला. बोलताना कुणाला कळत नाही. गायला लागले की तार सप्तकाच्या दाराशीच आवाज थांबतो. वीस वर्षं क्वायरमध्ये गायले. 'उपासना संगीत'मधली कितीतरी गीतं पुस्तक न उघडता येतात. आता आराधनेत बाकावर बसून खालच्या पट्टीत गुणगुणते. नाताळला फार जड जातं.

आत्या फोनवर म्हणते, "अगं, देवाचं देणं पुरून ठेवू नये. परत उभी राहा क्वायरमध्ये." आत्या, तू हे वाचणार आहेस म्हणून इथेच सांगते, मला हे पटत नाही. पुरून ठेवणं वेगळं आणि धन्याने आपलं परत मागून घेणं वेगळं. पैसा त्याचाच होता ना? मला रोज छळतो तो प्रश्न दुसराच आहे: अजून हातात काय उरलंय?

अशा वेळी मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. आमच्या नगरमध्ये (आता अहिल्यानगर) बरीच वर्षं राहिलेल्या. घरात कवी कोण, तर रेव्हरंड ना. वा. टिळक. लक्ष्मीबाई लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, आणि तेही अडखळत. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अकरा अध्यायांवर थांबलं होतं. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले! 'स्मृतिचित्रे' छापायला लागली १९३४ मध्ये, म्हणजे साठी उलटल्यावर. आज टिळकांच्या कवितेपेक्षा 'स्मृतिचित्रे'च जास्त वाचली जातात असं मला वाटतं. (टिळकांच्या चाहत्यांनी रागावू नये.) नवऱ्याची प्रतिभा मोठी म्हणून त्या गप्प बसल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. तिसऱ्या चाकरालाही कदाचित हेच वाटलं असेल, की शेजाऱ्याकडे पाच आहेत, मग माझा एक कोण विचारतो.

असो. माझ्याकडे काय उरलंय, तर कान आहे, पेटीवर हात आहे आणि चाली पाठ आहेत. शनिवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत पाच मुलं येतात. मराठी वाचताना अडखळतात, म्हणून गीतं मोठ्या अक्षरांत लिहून देते. टिळकांच्या अभंगांच्या जुन्या चाली शिकवते. जिथे माझा आवाज पोचत नाही तिथे पेटीवर सूर दाखवते आणि मुलं तो उचलतात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा घरी येऊन रडले. आनंदाने की दुःखाने, कोण जाणे. दोन्ही असावं.

येत्या नाताळात माझ्या वाट्याचं सोलो त्यांच्यातली सर्वांत लाजरी मुलगी गाणार आहे. तिची वरची जागा अजून कच्ची आहे, श्वास मध्येच तुटतो. या शनिवारी अर्धा तास आधी बोलावलंय तिला.